तत्त्वतः ठरलेली आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, ही खानदेशाची रीत. भाऊ बहिणीकडे येतो, अशी रीत ना सोनगीरला आहे ना जळगावला. पण धापूबाईंचं सगळं जगावेगळं. सोनगीरचं किराणा दुकान विकलं गेलं, आई-वडील गेले, आणि त्यांचं माहेर म्हणून उरला तो एकटा धाकटा भाऊ झुंबरलाल. तोही हाँगकाँगला. "माझं माहेर विमानानं येतं हो," असं धापूबाई जैन स्थानकात बायकांना सांगायच्या आणि सांगताना उगीच पदर सारखा करायच्या.

यंदा तर त्यांचा वर्षीतप पुरा होत होता. वर्षभर एक दिवस जेवण, एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही चौऱ्याहत्तराव्या वर्षी. डॉक्टर झाले, लेक झाली, सून झाली, सगळ्यांनी हात टेकले. पारणं आखाजीला, भावाच्या हातच्या उसाच्या रसानं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी महाराजसाहेबांसमोर सांगून टाकलं होतं. अख्खं वर्ष त्यांचं पोट त्या एका पेल्याच्या आशेवर होतं म्हणा ना.

आणि आखाजीच्या आदल्या दुपारी, धापूबाई प्रवचनाला गेल्या असताना, जळगावच्या घरातली चौघं स्वयंपाकघरात दार लोटून उभी होती. झुंबरलाल येत नव्हता. ते म्हातारीला सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

"सह्या पुढे ढकलल्या म्हणजे किती पुढे?" उज्ज्वलानं पुन्हा विचारलं. धापूबाईंची ही लेक सकाळीच धुळ्याहून आली होती आणि सांजोऱ्यांचा डबा अजून तिच्या हातातच होता.

"माहीत नाही, आत्या," आयुषी म्हणाली. ती धापूबाईंची नात, प्रकाशचंदांची मुलगी, दिल्लीला परराष्ट्र खात्यात. पहाटे भुसावळला उतरली तेव्हापासून तिला कोणी धड चहासुद्धा विचारला नव्हता. "बोलणी थांबली. तारीख दिलेली नाही."

"अगं पण पेपरात आलं होतं ना, ठरलं म्हणून!"

"तत्त्वतः ठरलं, असं आलं होतं."

"म्हणजे ठरलंच की!"

आयुषीनं बापाकडे पाहिलं. प्रकाशचंद मटक्यातलं पाणी पीत होते. तीन पेले झाले होते.

भानगड अशी होती. हाँगकाँग सोडून जाताना इंग्रज तिथल्या लोकांच्या हातात एक पासपोर्ट देऊन गेले. वर इंग्लंडचा शिक्का, पण देताना इंग्लंडात राहायचा हक्क काही दिला नाही. झुंबरलालनं हिऱ्यांच्या धंद्यापायी तो घेतला आणि भारताचा सोडला. त्यावरून त्या वेळी घरात जे रामायण झालं ते झालंच. पुढे दर खेपेला तो मुकाट्यानं व्हिसा काढून येत राहिला. परदेशी झालेल्या भारतीयांचं कायमचं कार्ड काढून घ्या म्हणून आयुषी मागे लागायची, तर म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. आणि आता अशा पासपोर्टवाल्यांना महिनाभर बिनव्हिसा भारतात येता यावं म्हणून दिल्लीत इंग्रजांबरोबर बोलणी लागली होती. त्या लांब टेबलाच्या शेवटच्या खुर्चीत, सगळ्यांत धाकटी म्हणून, आयुषी बसत होती.

"पण अडलं कुठे?" उज्ज्वला म्हणाली.

"एका ओळीवर. समजा असा कुणी इथे आला आणि त्याला परत पाठवायची वेळ आली, तर त्याला घ्यायचं कोणी? इंग्रज म्हणतात, पासपोर्ट आमचा, पण माणूस हाँगकाँगचा. हाँगकाँग आता चीनचं. आणि चीन तर तो पासपोर्टच मानत नाही. आमचे साहेब म्हणाले, तुम्ही घ्याल असं लिहून द्या. ते लिहून देईनात."

"मग तू कशाला होतीस तिथे? टाकायचीस ना लिहून! एवढी मोठी साहेब झालीस, घरच्या माणसासाठी एक ओळ लिहिता येत नाही?"

"आत्या, ती काय वाण्याची यादी आहे का?"

"बघ, बघ कशी बोलते! प्रकाशदादा, ऐकतोस ना तुझ्या पोरीचं?"

प्रकाशदादांनी चौथा पेला भरला.

ओट्याशी उभी असलेली विमल इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. ती या घरची सून. सासू, नणंद आणि नवरा या तिघांच्या मधली जागा तिला चांगली पाठ होती, आणि त्या जागेवर गप्प राहिलेलंच बरं हेही. पण आज तिचा जीव लेकीत अडकला होता. कारण खरी गोष्ट तिला ठाऊक होती. आयुषीनं बातमी सांगितली त्या रविवारी विमल पापड वाळत घालत होती आणि नवरा गच्चीच्या कठड्याला टेकून हाँगकाँगला फोन करत होता. एकेक शब्द तिनं ऐकला होता.

"मामासा, व्हिसाच्या रांगेत कशाला उभं राहता? सौदा झाला. आपली पोरगीच बसलीये तिथे. भरलेला अर्ज फाडून टाका आणि तिकीट काढा."

प्रकाशचंदांना आता तेच आठवत होतं. खरं सांगायचं तर त्यांना त्यात आपली चूक अजून नीट कळतच नव्हती. त्यांची डाळमिल. त्यांच्या वडिलांच्या वेळी बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. रुमाल उचलला की सौदा पक्का. मग भाव पडो की चढो, माणूस फिरला तर त्याच्याशी पुन्हा कुणी बोलत नसे. रुमाल गेले, मोबाईल आले, पण प्रकाशचंदांची जबान तीच राहिली. लेक म्हणाली, "बाबा, दोन्ही बाजूंचं तत्त्वतः ठरलंय, सह्या बाकी आहेत," तेव्हा त्यांना फक्त 'ठरलंय' ऐकू आलं. सह्या काय, मुनीम करतात. दोन एवढी मोठी सरकारं एकमेकांचा हात धरून उठतात आणि नंतर फिरतात, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

"मी म्हणतो," ते शेवटी म्हणाले, "बाईंना सांगू की मामासांना ताप आलाय."

"हां, तेच बरं," उज्ज्वला लगेच भावाच्या बाजूला गेली. "तापाला कुणाचा इलाज नाही. त्या चिडणार नाहीत."

"चिडणार नाहीत, काळजीनं मरतील," विमल म्हणाली.

तिघांनी वळून तिच्याकडे पाहिलं. विमल नणंदेच्या विरुद्ध बोलली होती, तेही आखाजीच्या सणाला! उज्ज्वलानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाहेर फाटकाची कडी वाजली.

धापूबाई आल्या. उपासाचा दिवस, बाहेर वैशाखाचं ऊन, तरी चालणं असं की मागची शेजारीण धापा टाकत होती. चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "विमान किती वाजता उतरतंय? गाडी पाठवली ना मुंबईला?"

उज्ज्वलानं सांजोऱ्यांचा डबा एकदाचा खाली ठेवला. "बाई, ते मामासांना ना, जरा ताप..."

"ताप? किती? फोन लाव."

"झोपले असतील..."

"तापात माणूस झोपतं होय? लाव म्हणते ना फोन!"

आता फोन लावला तर झुंबरलाल पहिल्याच वाक्यात ठणठणीत बोलणार. उज्ज्वला भावाकडे बघायला लागली, भाऊ दारावरच्या पाल्याच्या तोरणाकडे. शेवटी आयुषी पुढे झाली आणि आजीचा हात धरून तिला झोपाळ्यावर बसवलं.

"दादी, ताप-बीप काही नाही. झुंबरदादाजींना येता येणार नाही. त्यांच्याकडे व्हिसा नाही, आणि आता काढायला वेळही नाही. लागणार नाही असं वाटलं होतं. ते माझ्यामुळे झालं."

धापूबाईंनी नातीकडे पाहिलं. या पोरीला त्यांनी बोट धरून शाळेत सोडलं होतं. तिनं खोटं बोलायचं ठरवलं की तिचा खालचा ओठ आत जातो, हे त्यांना तिच्या आईच्याही आधी कळलं होतं. आत्ता ओठ आत गेला होता.

"तुझ्यामुळे?"

"मी घरी बोलायलाच नको होतं."

"नाही, बाई." पदर तोंडाशी घेत विमल सासूसमोर येऊन उभी राहिली. "तिनं सह्या बाकी आहेत म्हणून सांगितलं होतं. मी होते तिथे. मामासांना फोन यांनी केला. अर्ज फाडा म्हणून यांनीच सांगितलं."

लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण विमलनं नवऱ्याची चूक अशी चारचौघांत कधी काढली नव्हती. बोलून झाल्यावर ती रडायलाच लागली. आयुषीनं तिला जवळ घेतलं.

प्रकाशचंद आईच्या पायाशी, फरशीवर बसले. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, पण बसले ते असे की आता कान धरावेत. "बाई, चुकलं माझं. मला वाटलं, सौदा झाला."

धापूबाईंनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग त्यांनी नातीला विचारलं, "काय नडलं गं त्यांना?"

आयुषीनं पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी सोपं करून सांगितलं. हा माणूस नेमका कोणाचा, हे कोणी लिहून द्यायला तयार नाही, म्हणून थांबलंय.

"एवढ्यासाठी?" धापूबाई म्हणाल्या, आणि चिडल्या की यायची तशी त्यांची सोनगीरची बोली तोंडात आली. "अय माय! मन्हा शे म्हणी सांगी देती ना! कडवर खेळाडेल शे त्याले मी!"

तो माझा आहे, कडेवर खेळवलाय मी त्याला, हे खरंच होतं. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून हिचं नाव धापू ठेवलं, म्हणजे आता पुरे. तिच्या पाठीवर झुंबर झाला. आई म्हणाली, तुझ्या पायगुणानं आला, तूच सांभाळ. स्वतःच एवढीशी असताना धापू त्याला कडेवर घेऊन सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी फिरायची. आखाजीला लिंबाला झोका बांधला की स्वतः कधी एकटी बसली नाही, हा मांडीवर असायचाच.

"बरं," त्या उठल्या. "सह्या पुढे ढकलल्या ना त्यांनी? मग माझं पारणंही पुढे. झुंबर येईल तेव्हा."

"बाई!" उज्ज्वला किंचाळली. "उद्या-परवा असं किती दिवस राहाल? बीपी आहे तुम्हाला!"

"एक वर्ष राहिले, अजून राहीन. सौदा म्हणजे सौदा." असं म्हणून त्यांनी लेकाकडे बघितलं नाही, हे प्रकाशचंदांना फार लागलं.

*

आखाजीची सकाळ उजाडली ती अशी. दिवाणखान्यात चौरंग मांडलेला, चांदीच्या कलशात गाळलेला रस, शेजारपाजारच्या बायका नव्या साड्या नेसून स्तवनं म्हणताहेत, आणि जिचं पारणं ती चौरंगावर हाताची घडी घालून बसलेली. आलेल्या प्रत्येकीला धापूबाई हसून हात जोडत होत्या आणि रस मात्र घेत नव्हत्या. ओठ सुकले होते. विमलनं दोनदा उकळलेलं पाणी आणून दिलं, ते तेवढं प्यायल्या.

"फोन लाव," त्या आयुषीला म्हणाल्या. "त्याला सांगते, वाट बघतेय म्हणून."

आयुषीनं फोन चौरंगासमोर पाटावर उभा केला. पलीकडे झुंबरलाल दिसला. मागे खिडकी, खिडकीत दुसऱ्या इमारतीच्या शंभर खिडक्या. त्यानंही पांढरा झब्बा घातला होता. पन्नास वर्षं चिन्यांच्या गावात काढून हा माणूस बहिणीशी अहिराणीशिवाय बोलत नसे. तिकडे त्याच्याशी ती बोली बोलणारं दुसरं कोणी नव्हतंच.

"अक्का," तो म्हणाला.

"वाळेल दिखस रे तू," धापूबाई पुढे वाकल्या. "जेवस नही का काही?"

"जेवस ना."

तेवढ्यात त्याच्या मागून एक बाई डोकावली. ती त्याची सून मेलिंग, चिनी बाई, मोडकीतोडकी हिंदी बोलायची. "झूठ बोलता है पापा," ती म्हणाली. "एक दिन खाता, एक दिन नहीं खाता. पूरा साल ऐसा."

दिवाणखान्यातलं स्तवन मधेच थांबलं.

"झुंबर?" धापूबाईंनी फोन जवळ ओढला. "तू बी?"

"तुले सांगानं नव्हतं," झुंबरलाल खाली बघत म्हणाला. "संगेच पारणं करानं व्हतं. तुन्हा हातना रस पेवाना व्हता माले. आते तू पेय, अक्का. बठ्ठा लोक थांबेल शेतस."

"तू येशी तवय पिसू."

"मंग मी बी नही पेत."

"तू लहान शे, तू आधी पेय."

"तू मोठी शे, तू आधी."

"झुंबर, मार खाशी हां!"

"माराले उनी तरी चाली," मारायला आलीस तरी चालेल, असं तो म्हणाला आणि दोघं हसता हसता रडायला लागली. बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. उज्ज्वला तर हुंदके देत होती, आणि मधेच भावाला म्हणत होती, "बघ, बघ काय करून ठेवलंस." प्रकाशचंद भिंतीशी उभे होते. त्यांना वाटत होतं, जमीन दुभंगावी.

पण रडून दोघांपैकी एकही हटेना. दोघंही सोनगीरची. आयुषी बघत होती. गेला सगळा आठवडा तिनं हेच पाहिलं होतं, फक्त तिथे कुणी रडत नव्हतं. मग तिच्या साहेबांचं एक बोलणं तिला आठवलं, आणि ती आजीजवळ गुडघ्यांवर बसली.

"दादी, दादाजी, माझं ऐका. दोन देशांत असं झालं ना, की तू आधी, मी आधी, तर कुणीच आधी करत नाही. दोघं एकदम करतात. आणि ज्याला येता येत नाही, तो आपला माणूस नेमतो. तो माणूस जे करतो, ते त्यानंच केलं असं धरायचं."

"वकील म्हणजे," धापूबाई म्हणाल्या.

"तसंच. दादी, तिकडे तुझ्या वतीनं कोण पाजेल?"

धापूबाईंनी फोनमध्ये बोट दाखवलं. "ती. पोटातलं काढलं तिनं, तीच पाजेल."

"आणि दादाजी, इकडे तुमच्या वतीनं?"

झुंबरलालनं चष्मा पुसला. सगळ्या दिवाणखान्यावरून प्रकाशला शोधत नजर फिरवल्यासारखं केलं, आणि विचारलं, "आमना परकाश कथा शे?"

प्रकाशचंद भिंतीपासून हलले नाहीत. "मामासा, मी नको. माझ्यामुळे तर..."

"म्हणीसनीच तू. तुन्ही जबान मी मानी, तिकीट काढं. आते मन्ही जबान तू मान. ये."

ते आले. कलश उचलताना त्यांनी विमलकडे पाहिलं. ती पुढे झाली आणि तिनं खालून हात लावला. कालपासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. पलीकडे मेलिंग काचेचा पेला घेऊन उभी राहिली. खालच्या दुकानातून तिनं उसाचा रस आणला होता. तिकडेही तो मिळतो, हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं.

"नवकार म्हणा," धापूबाई म्हणाल्या. सगळ्यांनी म्हटला. फोनमधूनही आला, थोडा मागून.

आणि धापूबाईंनी पहिला घोट घेतला. झुंबरलालनंही घेतला. घोट गिळला जातोय की नाही हे दोघंही एकमेकांचं बघत होती. लबाडी केली तर?

मग बायकांनी जयजयकार केला, एकेक जण चमच्याचमच्यानं रस पाजून गेली, उज्ज्वलानं आईचं तोंड पुसलं, आणि भावाच्या पाठीत एक धपका घालून म्हणाली, "पुढच्या वेळी सह्या झाल्याशिवाय तोंड उघडशील तर बघ." प्रकाशचंद हसले. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता.

फोन मात्र धापूबाईंनी बंद करू दिला नव्हता. रस पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता, आणि त्या काहीतरी विचार करत होत्या.

"आयुषी," त्या म्हणाल्या, "त्याला इथे येता येत नाही, कारण तो कोणाचा ते ठरेना. बरं. मी तिथे गेले तर? मला विचारतील का, तू कोणाची म्हणून?"

आयुषीनं आजीकडे वळून पाहिलं.

"नाही," ती हळूच म्हणाली. "दादी, तुला... भारताच्या पासपोर्टवर तिथे थोडे दिवस जायला व्हिसाच लागत नाही. आधी कॉम्प्युटरवर नाव नोंदवायचं फक्त."

"कधीपासून?"

"कितीतरी वर्षांपासून."

महिनोन् महिने दिल्लीत बोलणी चालली होती, जळगावात उपास चालले होते, आणि दुसऱ्या बाजूचं दार सताड उघडं होतं. ते कुणी ढकलूनच पाहिलं नव्हतं. परराष्ट्र खात्यातल्या पोरीनंही नाही. तिच्याही लेखी येणारे नेहमी दादाजीच होते ना! उज्ज्वलानं कपाळावर हात मारून घेतला.

"खुळी गं आपण सगळी," धापूबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "आखाजीला भाऊ येतो का कुठे? लेक जाते माहेरी! प्रकाश, माझा पासपोर्ट काढायला टाक. आणि या खेपेला हातात आल्याशिवाय झाला म्हणू नकोस."

"नाही म्हणणार, बाई."

धापूबाई फोनच्या इतक्या जवळ गेल्या की झुंबरलालला नुसतं बहिणीचं कपाळ दिसलं असेल. "झुंबर, पुढली आखाजीले मी येसू. तथा झोका बांधाले झाड शे का रे?"

झुंबरलाल उठला, खिडकीशी गेला, आणि खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग तो परत आला.

"एक शे, अक्का," तो म्हणाला. "दोर तेवढा तू लई ये."